ग्रिलवाल्याची सायकल

गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, हळर्णच्या रस्त्यावर दोनदा डांबर पडलं. पण वयलावाड्याची चढण होती तेवढीच राहिली. डोंगराच्या अंगावरच्या या वस्तीत निवृत्ती वीस वर्षं सायकलवरून पाव विकत होता. माणूस चंदगडचा, पण रबरी भोंगा वाजवत आला की गावाला तो पदेरच, म्हणजे गोव्याचा पाववाला. मग त्याचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, चढणीला पायडल मारायचं नाही. बेकरीवाल्या शिवदासने सांगितलं, सोमवारपासून वयलावाड्याला पाव वेळेवर पोचला नाही तर ही लाइन स्कूटरवाल्या पोराला. दोघांचंही बरोबर होतं. चूक एकट्या गुडघ्याची होती.

निवृत्तीला स्कूटर येत नव्हती आणि पन्नाशीत शिकायचा धीर नव्हता. त्याने बेळगावहून मोटर बसवलेलं मागचं चाक आणि बॅटरी आणली. जुनी फ्रेम त्या वजनाने वाकली, तेव्हा नवी करून घ्यायला तो ग्रिलवाल्या कृष्णनाथकडे गेला. कृष्णनाथच्या खिडकीच्या ग्रिलमधून आजवर मांजरसुद्धा आत गेलं नव्हतं. या गुणाचा सायकलीशी काय संबंध, हे विचारायला निवृत्तीकडे वेळ नव्हता.

कृष्णनाथने निवृत्तीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि खिडकीचं घ्यावं तसं त्याचं माप घेतलं. गेटचे उरलेले पाइप कापले, जोडले, आणि मधोमध एक लोखंडी कमळ बसवलं.

"कमळ कशाला ओ, कृष्णनाथबाब?"

"कमळ नाय तर लोकांक कसा कळतला, काम कोणाचा ता?"

"वजन लई होतंय न्हवं?"

"वजन आसा म्हणून वस्तू आसा."

शनिवारी निवृत्ती पाहायला गेला, तेव्हा कमळाखाली बॅटरीची पत्र्याची पेटी तयार होती. चारी बाजूंनी बंद. चार्जिंगची वायर तेवढी एका भोकातून बाहेर आली होती. आत बॅटरी असताना पेटीला वेल्डिंग करू नये, हे कृष्णनाथला ठाऊक होतं. म्हणून त्याने वर ओलं गोणपाट टाकलं होतं.

"झाकण कुठाय?"

"झाकण कित्याक? उघडता ती वस्तू चोराची. उघडणा नाय ती आपली."

"आणि आत वायर सुटली तर?"

"सुटाची नाय. चारी बाजूंक वेल्डिंग मारलंय."

या उत्तरात कुठेच फट नव्हती. पेटीतही नव्हती.

सोमवारी दुपारी चारला, गाव झोपेतून उठता उठता, निवृत्ती, कृष्णनाथ आणि शिवदासने मिळून सायकल रस्त्यावर आणली. शिवदास स्वतः स्कूटरवरून मागे निघाला. मोटर गुणगुणली आणि निवृत्ती दोन्ही पाय सोडून, मागे पावाची पाटी घेऊन, एखाद्या पाहुण्यासारखा चढण चढू लागला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर चाक खड्ड्यात आपटलं, पेटीत टक् झालं आणि सायकल थांबली. तो उतरून ढकलू लागला, तर ती उलटी त्यालाच खाली ढकलू लागली. शेवटी चाकामागे दगड लावला.

"आता?" शिवदासने विचारलं.

"भोंगा चालतोय," निवृत्ती म्हणाला आणि तो वाजवत राहिला.

दहा मिनिटांनी वरून देवकी उतरली. वयलावाड्यात पावाला आणि भांडणाला पहिली तीच. "पदेरा, वर यायक पाय मोडले काय रे तुझे?"

"एकच मोडलाय, वयनी."

तिच्यामागून बाकीचे आले. थोडे पावासाठी, बरेचसे कमळ बघायला. अर्ध्या तासात पाटी रिकामी झाली. शिवदासने पाटी पाहिली, स्कूटर वळवली आणि "फाल्यापण हयच उभो रव" एवढं बोलून गेला. उद्याचीही जागा ठरली. लाइन वाचली.

मंगळवारी कृष्णनाथ ग्राइंडर घेऊन आला. "कापतंय, वायर जोडतंय, परत वेल्डिंग मारतंय."

"नको," निवृत्ती म्हणाला. "चालू झाली तर वर जावं लागंल."

सायकल तिथेच राहिली. पाटी आणि निवृत्ती रोज शिवदासच्या स्कूटरवरून तिथवर येऊ लागले. कुणी चोरली नाही, म्हणून कृष्णनाथ समाधानी होता.

शुक्रवारी पाव घेताना देवकी म्हणाली, "विनोदिनीकाकी चार दीस पाव खाणा नाय."

विनोदिनीकाकी वयलावाड्याच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. ऐंशी वर्षांची होती. तिने खाली उतरायचा प्रश्नच नव्हता.

"तुमी न्या की, वयनी."

"नेलंय. घेणा नाय. म्हणता, पदेराक काय झाला ता आधी सांग, तो कित्याक येणा नाय? मी सांगलंय तर म्हणता, तू खोटा बोलतंस, तो मेलो."

 निवृत्तीने कोंड्याच्या पावाच्या दोन पोया कागदात बांधल्या, पाटी राखायला सांगून भोंगा देवकीच्या हातात दिला आणि एका हाताने गुडघा धरून चढण चढू लागला.

"बेगीन ये रे," देवकी मागून म्हणाली. "भाजी चुलीर ठेवन इलंय."

त्या गुडघ्याने वर जाऊन, आपण जिवंत आहोत हे पटवून खाली यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी देवकी भाजी चुलीवरून उतरवूनच आली आणि आल्या आल्या तिने भोंगा मागून घेतला.