दादाच्या पेशींची बालवाडी

दादाच्या अंगात आता माझं रक्त बनतं. त्याच्या हाडांतला रक्त बनवणारा मगजच बिघडला होता. डॉक्टरांना दुसऱ्या कुणाचा तरी हवा होता. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि जुळला नेमका माझा. शाळा सोडून गॅरेजात ऑइलने हात काळे करणारी मी, घरात माझं कुणाशीच जुळत नाही. मामा म्हणाला, आता हाही भांडकुदळ होणार. दादा म्हणाला, चालेल, पण जिवंत भांडकुदळ.

माझ्या पेशी त्याच्यात रुजल्या आणि तो घरी आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अजून पाहुणे नकोत. पण आईच्या मते आत्या म्हणजे काही पाहुणी नाही, सख्खी नणंद. तिला दारातून परत कसं पाठवायचं?

मी दुपारी जेवायला घरी आले तर आत्या खुर्चीत आणि तिची चार वर्षांची भिंगरी दादाच्या मांडीवर. भिंगरी म्हणतात कारण ती एका जागी टिकत नाही. दादाच्या टकलावर नुकते केस उगवत होते, त्यावरून हात फिरवून ती खिदळत होती. दादाही बऱ्याच दिवसांनी हसत होता.

तिने मान वळवली आणि मला दिसलं. कानामागे एक फोड, पाण्याच्या थेंबासारखा. केसांच्या कडेला दुसरा. मला कांजिण्या होऊन गेल्यात, कपाळावर अजून खड्डा आहे. ओळखायला वेळ लागला नाही.

मी तिला उचललं आणि थेट दाराबाहेर नेऊन ठेवलं. तिने भोकाड पसरलं. आत्या म्हणाली डास चावलाय, मी म्हणाले डासाला एवढं पाणी कुठून आलं, मग आणखी बरंच बोलले, ते इथे नको. आत्या चप्पल घालताना रडत होती. माझ्या भावाच्या घरातून मला हाकललं, म्हणाली.

ती गेल्यावर आई माझ्यावर घसरली. "एवढं आकांडतांडव कशाला? तुला झाल्या होत्या ना कांजिण्या? पेशी तुझ्याच आहेत त्याच्यात. त्यांना ठाऊकच असणार सगळं."

बाबांनी मान डोलावली. दादानेही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. तरी एकदा विचारून घ्यावं म्हणून दादाच्या वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला. ती नेहमी माझी थट्टा करायची. त्या दिवशी केली नाही. म्हणाली, लगेच घेऊन या.

डॉक्टरीणबाईंनी आईचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेशी हिच्याच आहेत, पण याच्या अंगात नव्याने जन्मल्यात. हिच्या अंगात जे शिकून झालं, ते यांच्याकडे आलंच असेल असं धरून चालता येत नाही. कोरी पाटी समजा."

"म्हणजे शाळेत न गेलेल्या," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीच्याच, दुसरं काय होणार?"

मी त्याला कोपर मारणार होते, पण त्याच्या हाताला सुई लागत होती. ज्यांच्या रक्तात कांजिण्यांशी लढणारी हत्यारं आधीच असतात, अशा लोकांच्या रक्तातून ती गाळून काढतात, त्याचं हे इंजेक्शन. उसनी हत्यारं. काही आठवडे पुरतात. तेवढ्यात दादाला काही झालं नाही तर सुटलो. झालं तर, याचं उत्तर बाई देत होत्या, पण आई ऐकत नव्हती.

पुढचे आठवडे आई रोज त्याचा शर्ट वर करून पाठ बघायची. एकदा मानेवर लाल ठिपका दिसला आणि घरात कुणी जेवलं नाही. ती साधी पुटकुळी निघाली. तिकडे भिंगरी अंगभर फुलली होती. आत्या रोज फोन करून दादाची चौकशी करायची, पण माझं नावही काढायची नाही. भिंगरीच्या खपल्या पडल्या, दादाची धोक्याची मुदत संपली, त्याच्या अंगावर काहीच उठलं नाही. तेव्हा आत्याने फोन माझ्याकडे मागितला.

"तुझ्या जिभेला हाड नाही," ती म्हणाली. "पण डोळे शाबूत आहेत." मग फोन ठेवला. आत्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

आणखी काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी लसी सुरू केल्या. सगळ्या, अगदी पहिल्यापासून. लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर बदकं रंगवलेली, आजूबाजूला दुपट्यांत गुंडाळलेली पोरं, आणि मध्ये मिसरूड फुटलेला माझा भाऊ. शेजारच्या बाईने विचारलं, बाळ कुठाय?

"मीच," दादा म्हणाला.

त्याची पाळी आली तर त्याने तोंड फिरवलं. समोरचं बाळ त्याच्याहून कमी घाबरलं होतं, हे मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंड सुजला होता. आई धास्तावली. मी हात लावून पाहिला, जागा कढत होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, सूज आली तर बिचकू नका. आतल्या पेशींनी नवा पाहुणा हेरलाय, त्याचा चेहरा पाठ करतायत.

"दुखतंय का रे?" आईने विचारलं.

"लई," दादा म्हणाला आणि दुसरा हात डोक्याखाली घेऊन मजेत पडून राहिला.