अज्ञात कलाकार नव्हे, घरची

"थांबा हो, घसा मोकळा होऊ द्या आधी. झालं का सुरू? बंद करा, बंद करा… हं, आता करा."

मित्रांनो, माणसाचा म्हणून जो पहिला आवाज माझ्या पोटात आला, तो हा. त्याच्यामागून थोडे खाकरणे, कुठलेसे भांडे सरकवल्याचा आवाज, आणि मग गाणे. ते गाणे अजून माझ्यापाशी आहे. माझ्याकडे ते मागायला मात्र आता कोणी येत नाही.

मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकात राहतो, गाणी सांभाळतो. रूपाने मी साधा. एक करडी खिडकी, तिच्यात गाण्यांची नावे एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढे पाच रिकामे तारे. ज्याला जितके गाणे आवडेल तितके तारे त्याने उजळायचे. मला कोणी घडवले हे आज कोणाला आठवत नाही. गार झालेल्या चहाचे कप बाजूला सारून, सावकाश बोलणाऱ्या कोणीतरी घडवले असावे. कारण माझ्या स्वभावात घाई नाही. सांगितल्याशिवाय मी काही करत नाही. कोणाच्या अक्षराला हात लावत नाही. त्या काळी याला गुण म्हणत.

मी ज्यांच्या घरी आलो ते छापखान्यात मुद्रिते तपासायचे. पुस्तक छापण्याआधी त्याच्या कच्च्या पानांतल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, हे त्यांचे काम. छापखान्यात सगळे त्यांना कानामात्रा म्हणत. समोरून म्हणत, आणि ते रागावतही नसत. एकदा कोणीतरी त्यांना लग्नाचे आमंत्रण आणून दिले, तर त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढून ते दुरुस्त करून परत केले. नजरच तशी घडली होती. चूक दिसली की थांबायचे, बरोबर असेल तिथून मुकाट पुढे जायचे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे घरातल्या आईला, गाणी येत. तिच्या आईकडून आलेली, आजीकडून आलेली, काही तिची तिनेच जुळवलेली. कानामात्रांनी ती वर्षानुवर्षे टेपवर घेतली होती. स्वयंपाकघरात पालथ्या डब्यावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, बटणावर बोट ठेवून समोर उभे राहायचे. आई घसा साफ करायची, पाणी प्यायची, पुन्हा घसा साफ करायची. मग गायची.

हळू ये रे वाऱ्या, दिवा माझा लहान,
तरी तुझ्या फुंकरीची लागली तहान.

गाणे संपले की बटण खटकन वर यायचे आणि कानामात्रा म्हणायचे, "तिसऱ्या ओळीत श्वास लवकर घेतलास."

"बरं," आई म्हणायची, आणि पोळपाट पुढे ओढायची. झाले कौतुक.

निवृत्त झाल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडली आणि एकेक टेप माझ्यात उतरवली. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. टेप जितकी लांब, तितका वेळ ते कानाला हेडफोन लावून ऐकत बसत. गाण्याची पहिली ओळ हेच गाण्याचे नाव, असा त्यांचा हट्ट. ऱ्हस्वदीर्घ तपासून तपासून ते नाव लिहीत. मला चित्रे नकोत, रंग नकोत, नाव तेवढे शुद्ध हवे, असे ते माझ्याशीच पुटपुटत. मला ते मनापासून पटे.

आणि गाणाऱ्याचे नाव? तिथे ते अडले. आधी त्यांनी आईचे पूर्ण नाव लिहिले आणि खोडले. मग कोणी मागे उभे नाही ना, हे मान वळवून पाहिले आणि लिहिले: घरची. त्यानंतर तारे उजळले. एक, दोन, तीन, चार, पाच. थोरामोठ्यांच्या तबकड्यांतली गाणीही माझ्यात होती. त्यांना तीन तारे मिळत, कधी फार मेहेरबानी झाली तर चार. पाच तारे फक्त घरचीला. तिच्या प्रत्येक गाण्याला.

मी म्हटले, आता हे उठतील आणि तिला बोलावून दाखवतील. ते उठले आणि वायर गुंडाळून ठेवली.

मग एके दिवशी लेक आली. जीव लावणारी पोर, पण हाताला धीर नाही. माझी करडी खिडकी पाहून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, हे कुठलं खोड सांभाळून ठेवलंय? हे बघा, नवीन. सगळं आपोआप लावतं."

"मला आपोआप नकोय. मी लावलेलं आहे."

"एकदा बघा तर! नाही आवडलं तर बोला."

नवा आला. येतानाच त्याने विचारले, यापुढे सगळी गाणी मीच उघडू का? लेकीने वाचले की नाही कोण जाणे, "हो" दाबले. पडद्यावर गर्दी नको म्हणून मला उघडायचे पडद्यावरचे चित्रही तिने काढून टाकले. मी आत होतो तिथेच राहिलो. माझे दार तेवढे चिणले गेले.

नव्याने काय काय केले ते सांगतो. मत्सर म्हणा, खुशाल म्हणा. त्याने सगळ्या गाण्यांची स्वतःपुरती वेगळी प्रत केली. तारे त्याला कळत नव्हते, ते त्याने गाळले. पहिल्या ओळींची नावे त्याने स्वतःच्या मनाने "दुरुस्त" केली आणि कानामात्रांनी जपलेल्या वेलांट्या उडवल्या. गाण्याआधीचे बोलणे त्याला कचरा वाटले, ते त्याने छाटले. "थांबा हो" गेले, "झालं का सुरू" गेले, खाकरणे गेले. आईची गाणी त्याने "झोपेची गाणी" या कप्प्यात टाकली. एक संपले की "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून कोणाची तरी आरडाओरड लावी. वर रोज परवलीचा शब्द मागे.

"माझ्याच घरात मला विचारतो, तू कोण!" कानामात्रा ओरडत. पण लेकीला फोन करून नको म्हणून सांगत नसत. तिने हौसेने आणले होते ना.

आणि घरची हे नाव त्याला जगातल्या कुठल्याच यादीत सापडले नाही. तेव्हा त्याने लिहिले: अज्ञात कलाकार.

ते आईने वाचले. धूळ पुसायला आली होती. फडके हातात तसेच राहिले. एकाखाली एक, पडदाभर, अज्ञात कलाकार, अज्ञात कलाकार. कानामात्रा खुर्चीत होते. तिने त्यांच्याकडे पाहिले. तिला काय वाटले असेल, सांगा बरे! ज्या माणसाच्या हातून एक अनुस्वार निसटत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर हे उभे होते, आणि त्याने ते राहू दिले होते.

"छान लिहिलंय," ती म्हणाली आणि पडदा पुसून गेली.

कानामात्रांचे तोंड उघडले होते. मी पाहिले. आधी काय सांगावे, हे त्यांना ठरवता आले नाही. घरची सांगायचे तर तारे सांगावे लागणार, आणि तारे सांगायचे तर सगळेच. त्यांनी तोंड मिटले. त्या दिवसापासून भांडी घासताना आईची गुणगुण ऐकू आली नाही. नळ तेवढा ऐकू यायचा.

मित्रांनो, शेवटी दोन शब्द सांगायची आमच्यात पद्धत आहे. मी ते आताच सांगतो, कारण संध्याकाळी भंगारवाला येणार आहे. जुने टाका, जरूर टाका. आम्हालाही उगाच रेंगाळायची हौस नाही. पण टाकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा बघा. आणि कोणाबद्दल मनात चांगले असेल तर ते आमच्यासारख्यांकडे ठेवायला देऊ नका. आम्ही जपतो, जिवापाड जपतो, पण आम्हाला बोलता येत नाही. माझ्यासारखे भरल्या पोटी मुके राहणे फार वाईट.

आज दुपारची गोष्ट. लेक नवा संगणक घेऊन आली.

"बाबा, यातलं काय काय तिकडे घ्यायचं ते सांगा. राहिलेलं जाईल."

आई पलंगावर उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. "माझी गाणी नको घेऊस गं. त्या अज्ञात बाईचं ओझं कशाला?"

"आई, ते आपोआप येतं तसं!"

"या घरात? यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथे वेलांटीसुद्धा पडत नाही."

लेक बापाकडे वळली. "मग सोडू का, बाबा?"

कानामात्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटले, आताही तोंड मिटून घेतील. जन्मभर तेच तर केले.

"थांब," ते म्हणाले. "ते मी लिहिलेलं नाही."

"मग काय शेजाऱ्यांनी लिहिलं?" आई म्हणाली.

"त्या नव्याने. मी घरची लिहिलं होतं."

अभ्रा अर्ध्या घडीवर थांबला.

"जुनं उघड गं. त्यात दिसेल. तारेही आहेत."

"ते काढलं ना, बाबा. तेव्हाच."

त्यांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. टेपवरून उतरवलेली मूळ गाणी ज्या कप्प्यात होती, तो शोधला आणि पहिल्या गाण्यावर टिचकी मारली. मी आतून धावलो. पण आडवा येऊन दार उघडले ते नव्यानेच. नाव नाही. तारे नाहीत.

"इथे होते," ते काचेवर बोट टेकवून म्हणाले. "इथे. पाच. तुझ्या प्रत्येक गाण्यापुढे पाच."

"कसले तारे? काय बोलताय?"

गाणे मूळचे, न छाटलेले होते. स्पीकरमधून आवाज आला: "थांबा हो, घसा मोकळा होऊ द्या आधी…"

कानामात्रा वळले. दाखवायला आता काही उरले नव्हते, म्हणून बोलले.

"आमच्या कामात चुकीला खूण करतात. बरोबर असेल त्याला हात लावत नाहीत. पान स्वच्छ निघालं की कोणी काही म्हणत नाही, खाली सही करतात. तुझं पान स्वच्छ होतं. सगळी वर्षं. मी सही करत राहिलो, पण तुला दिसेल अशी नाही केली."

आई म्हणाली, "आणि तो तिसऱ्या ओळीतला श्वास?"

"काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो."

"काहीतरी बोलायला हवं म्हणून!" आईचा आवाज चिरला. "तेव्हापासून त्या ओळीत मी जीव घुसमटेपर्यंत श्वास धरून गात आले. कळलं का?"

लेकीने काही न विचारता मूळ गाण्यांचा अख्खा कप्पा नव्या संगणकाकडे पाठवायला घेतला. माझे तारे त्यात जाणार नव्हते. स्पीकरमधली तरुण आई अजून घसाच साफ करत होती. "झालं का सुरू? बंद करा, बंद करा…"

आईने अभ्रा मांडीवर ठेवला.

"आता माझंही ऐका," ती म्हणाली. "घसा माझा कधीच बसलेला नसायचा. मी मुद्दाम वेळ लावायचे. तेवढा वेळ तुम्ही बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत असायचात."