सात नंबरचा खटका

लोवेलने खिशातल्या चाकूने पेन्सिलीला टोक काढलं, साली तळहातावर गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

"आता सावकाश सांग. वायरमनच्या कोर्सचं कॉलेज सुरू झाल्यावर वृद्धाश्रमातलं काम आठवड्याला किती तास?"

"चोवीस."

"म्हणजे चाळीसातले सोळा तास गेले. तासाला पंधरा डॉलर."

"दोनशे चाळीस," शॉना म्हणाली. "आठवड्याचे."

"तोंडी नको. लिहून दाखव."

तिने लिहून दाखवलं. याच टेबलावर, याच बापाने तिला राजम्याचे दाणे मांडून गुणाकार शिकवला होता. चूक झाली तर तो चूक सांगत नसे. दाणे पुन्हा मोजायला लावी. आता ती चौतीस वर्षांची होती, दोन मुलींची आई होती, आणि तरीही पाढा म्हणताना पाठ आपोआप ताठ होत होती.

दोन वर्षांची बुडालेली मजुरी चोवीस हजार. सरकारी मदत वजा जाता फी पाच हजार. हत्यारं आणि पुस्तकं चौदाशे. डोंगर उतरून कॉलेजला जाण्या-येण्याचं पेट्रोल छत्तीसशे.

"चौतीस हजार," लोवेल म्हणाला.

"माझ्या वयाच्या वर्षाला एकेक हजार."

"हसू नकोस. आता जमेची बाजू. कोर्स झाला की वायरमनच्या हाताखाली पहिल्या वर्षी तासाला वीस. म्हणजे आत्तापेक्षा वर्षाला दहा हजार जास्त." त्याने ओठ हलवत भागाकार केला. "साडेतीन वर्षांत फिटेल. चाळिशी गाठायच्या आत. पुढे परवाना मिळाला की वरचं सगळं तुझं."

"म्हणजे परवडतं."

"आकड्यांत परवडतं."

प्रवेशाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. घर लोवेलचं होतं, आणि कॉलेजच्या दिवशी संध्याकाळी मुलींना जेवायला वाढणारही तोच असणार होता. त्याने नको म्हटलं असतं, तर शॉनाने फॉर्म भरला नसता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

लोवेलने बेरजेच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. 'धोका.' पुढची जागा कोरी ठेवली.

"इथे काय लिहू?"

"डॅडी, त्याला आकडा नसतो."

"मग हिशेब पुरा झाला नाही."

 लोवेलने एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत वायरमनचं काम केलं होतं. तिथल्या त्याच्या जोडीदाराची, हर्शेल नॅपियरची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. खाली खाणीत कोणीतरी ओरडून सांगितलं, बंद आहे. हर्शेलने विजेच्या पेटीत हात घातला. तो चालत वर आला नाही. लोवेल गोष्ट नेहमी तिथेच संपवी आणि बाहेर पायरीवर जाऊन बसे.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि भांडी धुण्याच्या जागेकडे बोट केलं. तिथल्या भिंतीवरचं सॉकेट दोन आठवडे काळं पडलेलं होतं. नवीन सॉकेट पाकिटातच होतं.

"ते बदल. कॉलेजवाल्यांनी चार शनिवार फुकट काय शिकवलं, ते तरी बघू."

तो मागच्या पडवीत गेला. खाणीची धूळ बसलेल्या छातीमुळे दहा पावलांनाही त्याला वेळ लागे. विजेच्या बोर्डाचं दार करकरलं. खटका पडल्याचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरातला दिवा विझला.

"सात नंबर पाडला!" तो तिथूनच ओरडला. "बंद आहे! घाल हात!"

शॉनाच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तिने तो खाली ठेवला. टेस्टर उचलला आणि पुढच्या खोलीत गेली. टीव्हीच्या सॉकेटमध्ये त्याची दोन टोकं घातली. लाल दिवा लागला. म्हणजे टेस्टर शाबूत होता. मग ती परत आली आणि तीच टोकं काळ्या सॉकेटमध्ये घातली.

लाल दिवा लागला.

"काय गं, झोपलीस का?" लोवेल दारात आला होता. "मी सांगितलं ना बंद आहे म्हणून?"

"चालू आहे."

"तुझं ते खेळणं बिघडलंय. या घराचं वायरिंग मी केलंय, तू दुपट्यात होतीस तेव्हा."

ती फ्रिजकडे वळली. फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये टोकं घातली. दिवा लागला नाही. पुन्हा काळ्या सॉकेटमध्ये. लागला. मग ती बाजूला सरकली, त्याला दिसावं म्हणून.

लोवेल त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला.

"वॉशिंग मशीन," तो म्हणाला. "तुझी आई होती तेव्हा. मशीनसाठी अकरा नंबरची नवी लाइन ओढली, आणि हे सॉकेट मीच तिच्यावर टाकलं. नंतर बोर्डावर लिहायचं राहिलं."

तो भिंतीला धरून पडवीत गेला. दुसरा खटका पडला. या वेळी तो ओरडला नाही. परत येऊन खुर्चीत बसला आणि हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला.

शॉनाने सॉकेट तपासलं. दिवा नाही. मग ती पुन्हा पुढच्या खोलीत जाऊ लागली.

"आता कुठे?"

"मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असला तर? आधी चालू जागेवर बघायचं, मग बंद जागेवर, मग पुन्हा चालू जागेवर. कोणी काहीही सांगो."

"कोणीही?"

"कोणीही, डॅडी."

ती परत आली, गुडघ्यांवर बसली आणि काळं सॉकेट भिंतीतून ओढून काढलं. लोवेल तिच्या मनगटांकडे बघत होता.

"हर्शेलने तपासलं नाही," तो म्हणाला. "त्याने माझा शब्द मानला."

शॉनाचा स्क्रूड्रायव्हर थांबला. तीस वर्षं त्या गोष्टीत 'कोणीतरी' होता. तिने मान वळवली नाही. फक्त हात मागे केला.

"डॅडी, तो लहान स्क्रू द्या."

त्याने पाकिटातून स्क्रू काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं क्षणभर तिथेच राहिली.

सॉकेट बसलं, खटके वर गेले आणि दिवा लागला, तेवढ्यात लोवेलचा धाकटा भाऊ एस्टिल लोणच्याची बरणी घेऊन दार न वाजवताच आत आला. त्याने टेबलावरचा कागद पाहिला.

"काय रे लोवेल, पोरीला कॉलेजात धाडतोयस की विकतोयस? एवढे आकडे!"

"काका, तुम्हाला शून्यं मोजता येतात?" शॉना म्हणाली.

"माझ्या बँकेत तेवढीच आहेत." एस्टिलने खुर्ची ओढली. "आणि हा काय असा चेहरा करून बसलाय? काय झालं?"

"मी हिला सांगितलं बंद आहे," लोवेल म्हणाला. "हिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही."

"अरे देवा! सख्ख्या बापावर?"

"सख्ख्या बापावर." लोवेलचा आवाज त्या अरुंद स्वयंपाकघराला पुरून उरेल इतका मोठा झाला होता. "दोनदा सांगितलं, एस्टिल. दोन्ही वेळा नाही ठेवला."

एस्टिल एकदा भावाकडे, एकदा पुतणीकडे बघू लागला. मग खांदे उडवून त्याने बरणीचं झाकण काढलं.

शॉना हात धुऊन आली तेव्हा कागद तिच्या जागेसमोर सरकवलेला होता आणि त्यावर फॉर्म ठेवलेला होता. फॉर्म उचलताना तिला शेवटची ओळ दिसली. 'धोका'च्या पुढे, शाळेच्या पाटीवर काढावं तसं वळणदार अक्षर काढून, लोवेलने एकच शब्द लिहिला होता.

'तपासते.'