थोरली अशी वागणार नाही

माणसं चोरायचा मला नाद आहे. चोरी साधीच असते: कुणाची चालायची ढब, कुणाचं ओढूनताणून हसणं, कुणाची रुमालाची घडी घालायची तऱ्हा. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसून नावं लिहून घेते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझ्या जागेवरून आतला अक्षरांचा तक्ता दिसतो आणि तो वाचणारी माणसंही दिसतात. शेवटची ओळ दिसत नाही हे कबूल करणारा दहांत एखादाच. बाकीचे ठोकून देतात, काही डॉक्टरांवरच उखडतात, आणि एक म्हातारा खलाशी तर बाहेर बसल्या बसल्या अख्खा तक्ता पाठ करून आत गेला होता. असली माणसं आयती मिळत असताना मी डोकं कशाला खाजवू?

बाकीचं शिक्षण पुस्तकांनी केलं. मी हातात पेन्सिल घेऊन वाचते. एखादं पात्र मनात घर करून बसलं की पानं मागे उलटत जाते आणि लेखकाने हे साधलं कुठे ते हुडकून काढते. सापडतं ते बहुतेकदा किरकोळ असतं. तिने आधी खुर्ची पुसली, मग ती बसली. एवढ्यावर ती बाई जन्माची ओळखीची होऊन जाते.

या दोन्ही विद्या पाजळून मी या वेळी घरातच डल्ला मारला. माझ्या नव्या कादंबरीतली 'थोरली' म्हणजे नखशिखान्त माझी ताई. ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि तेव्हापासून तीच माझी आई, बाप आणि फौजदार. तिने लग्न केलं नाही. आजही ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहते. दिवा बदलला की त्यावर तारीख लिहिते. वाचलेलं वर्तमानपत्र मूळच्या घडीवरच दुमडते. 'साधारण पाचला येतो' असं कुणी म्हटलं की विचारते, साधारण म्हणजे पाचाच्या आधी की नंतर? हे सगळं मी थोरलीला देऊन टाकलं. ओळख पटू नये म्हणून तिला चार बोटं उंच केलं, तिचा चष्मा काढला आणि तिला शिवणकामाला बसवलं.

माझा नवरा गणित शिकवतो आणि बोलतो कमी. हस्तलिखित वाचून तो एवढंच म्हणाला, की मांजर डोळे मिटून दूध पितं. मी त्याला उडवून लावलं. स्वतःचं चित्र कुणाला ओळखू येत नसतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

घोळ पुढेच झाला. ताई एका छापखान्यात प्रुफं तपासते. माझी आधीची पुस्तकं दुसरीकडे छापली गेली होती; या वेळी प्रकाशक नवा, आणि त्याची सगळी कामं नेमकी ताईच्या छापखान्यात. तिथे प्रुफं तपासणारं माणूस एकच. म्हणजे चोरीच्या मालाची यादी तपासायला खुद्द मालकीणच बसणार होती.

मला खरी धास्ती होती ती एका प्रसंगाची. आमच्या घरात तेहतीस वर्षं एक गंमत सांगितली जाते. ताई चोवीस वर्षांची असताना तिला एकाने मागणी घातली होती. जमिनी मोजणारा, सरळमार्गी माणूस. तो होकार घ्यायला छापखान्यात आला, तर ताईने त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि आपण प्रुफं तपासत राहिली. शेवटी तो उठून गेला तो गेलाच. कामापायी नवरा घालवला, असं म्हणून सगळे हसतात. ताईही हसते. मी तो प्रसंग जसाच्या तसा उचलला, प्रुफांच्या जागी झग्याची झालर घातली आणि थोरलीचं चांगलंच हसं केलं. घरात हसणं वेगळं आणि छापून हसणं वेगळं, हे मला तेव्हा सुचलं नाही. ताई भांडणारी नव्हे. दुखावली तर ती बॅग भरेल, नवा पत्ता सुवाच्य अक्षरात टेबलावर ठेवेल आणि निघून जाईल. मागची खोली रिकामी झालेली मला बघवली नसती.

त्यातल्या त्यात एक आशा होती. ताई शेवटच्या पानापासून उलटी वाचत येते, एकेका ओळीवर पट्टी ठेवून. गोष्ट कळली की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते, असं ती म्हणते. म्हणजे तिला गोष्ट कळणारच नव्हती. मी दोन दिवस सुखाने झोपले. तिसऱ्या दिवशी जेवताना नवऱ्याने सहज विचारलं तेव्हा ताईने सांगितलं, की उलटं वाचन झालं की एक सरळ वाचन असतंच, अर्थासाठी.

पुढचे सहा दिवस मी तिच्या मागेपुढे घोटाळत राहिले. न मागता चहा नेऊन दिला, तिच्या उशीचा अभ्रा बदलला. ताईने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रुफांचा गठ्ठा दिसला. ताई आपल्या खोलीत होती. मी उभ्या उभ्याच पानं चाळली. तांबड्या खुणा थोड्याच होत्या. एकशे एकतिसाव्या पानावर, झालरीच्या प्रसंगापाशी, एक चिठ्ठी टाचलेली होती:

'पान १८: दाराशी कुणी ताटकळू नये म्हणून ही भरल्या ताटावरून उठते. पान ४४: गिऱ्हाइकाला पाच मिनिटं थांबावं लागलं तर त्याची माफी मागते. पान ९७: धाकटीची शाळा सुटण्याआधी फाटकाशी जाऊन उभी राहते. पान १३१: लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाला झालरीसाठी दोन तास बसवते. थोरली अशी वागणार नाही. कारण शोधावे.'

मला आधी राग आला, तोही लेखिकेचा. दुसऱ्यांच्या पुस्तकात पानं मागे उलटणारी मी, स्वतःच्या पुस्तकात अठरावं पान विसरून बसले होते. मग आठवलं, ते अठरावं पान मी ताईकडे बघूनच लिहिलं होतं. अठरावंही खरं आणि एकशे एकतिसावंही खरं. मग मधे काय होतं?

मी चिठ्ठी घेऊन तिच्या खोलीत गेले. ती खिडकीत बसून बटण लावत होती.

"तू ओळखलंस तर," मी म्हणाले.

"पहिल्याच पानावर. तारीख लिहिलेले दिवे आणखी कुणाच्या घरात आहेत?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं. चोरलंस त्याचं काही नाही, अर्धवट चोरलंस ते वाईट, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, मग कारण काय होतं?

तिने दोरा तोडला. "आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, धाकटीला मावशीकडे पाठवू. तिकडे तिची सोय चांगली होईल म्हणाला. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणाला."

"मग तू सरळ नाही का म्हणाली नाहीस?"

"नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मग ते चार तोंडांतून तुझ्यापर्यंत आलं असतं, की हिच्यापायी ताईचं लग्न मोडलं. नऊ वर्षांची होतीस तू. त्यापेक्षा लोक मला हसलेले बरे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने दटावलं. "आता लगेच मला देवी करून बसू नकोस. मलाही तो फारसा आवडला नव्हता."

 तेहतीस वर्षं ती गंमत मी चारचौघांत सांगत आले होते, सगळ्यांत रंगवून मीच.

हे पुस्तकात घातलं तर चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू आता कुठे नऊ वर्षांची आहेस? घालायलाच हवं, नाहीतर पात्र फसतं. फक्त छपाईसाठी पानं लागून झाली होती. जेवढ्या ओळी काढायच्या तेवढ्याच घालायच्या, एकही जास्त नको आणि एकही कमी नको, नाहीतर पुढची सगळी पानं हलतात. झालरीची गंमत अकरा ओळींची होती.

मी सुट्टी काढली आणि दिवसभर त्या अकरा ओळी लिहीत बसले. मावशी आली, बाक आला, दोन तास आले. अकराव्या ओळीत, तो निघून गेल्यावर, थोरलीने पदराने डोळे पुसले. लिहिताना मी स्वतःही पुसले.

ताईने पट्टी ठेवून वाचलं. दहा ओळींना तिने हात लावला नाही. अकरावी खोडली.

"रडली नव्हती," ती म्हणाली.

"मग ओळ कमी पडेल."

तिने तांबडं पेन तसंच हातात धरलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि समासात लिहिलं: 'तो गेल्यावर थोरलीला कडकडून भूक लागली.'

मी विचारलं, "खरंच लागली होती?"

"खूप. घरी आले आणि दोघींचं जेवण मी एकटीनेच संपवलं. मग तुला शाळेच्या फाटकातून आणलं आणि तुझ्यासाठी पुन्हा केलं."