इब्राहीम मिस्त्रीची मोटार

इंद्रभान पाटलांची विलायती मोटार अब्बांनी १९३७ साली कामाला घेतली, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. इंजिन ठणठणीत होतं. वरचा डबा मात्र उंच आणि उघडा, आणि खालचे स्प्रिंगचे पट्टे इतके ताठ, की मानोऱ्याला जाऊन येणाऱ्याची कंबर दोन दिवस धरायची. पाटलांना नव्या मोटारींसारखा बुटका, बंद डबा हवा होता. अब्बा मंगरूळपीरला धमन्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाड्या, बांधायचे. त्यांच्या धमनीत खड्डा लागत नाही असं लोक म्हणत, म्हणून काम आमच्याकडे आलं.

पट्टे सैफूचाचा लोहारांनी लांब आणि नरम केले. सागाची चौकट अब्बांची. मापाच्या दोरीचं दुसरं टोक मी धरायची, आणि मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तकही मीच वाचून दाखवायची. त्यातल्या चित्रात मागचं आसन जवळजवळ मागच्या चाकांवर होतं, सामानाची पेटी त्याच्याही मागे. अब्बांनी आसन वीतभर पुढे घेतलं आणि पेटी पुढच्या आसनाखाली बसवली.

"अब्बा, चित्रात असं नाही."

"मांग भार ठेवला तं गाडी उलार होते, बेटा. जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास बसते."

"हिले बैल कुठी हायेत?"

ते हसले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाणी धरून उभी राहिले. आसनाचा विषय तिथेच राहिला.

डबा पुरा झाला आणि आठवड्यानं ते गेले.

चाळिसावा झाल्यावर पाटील आले. सैफूचाचा आणि मी मागे बसलो. सपाटीवर मोटार अलगद चालली. पाटील खूश होते. पोहरादेवीच्या रस्त्याला मुरमाचा चढ लागला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. तीनदा तसंच झालं.

"चढ खराब हाय, पाटील," सैफूचाचा म्हणाले.

"काहून, मागच्या साली चांगला होता का? तवा तं चढत होती." पाटील खाली उतरले. "मिस्त्री गेले, म्हणून बोलवत नाही. पण त्यायनं धमनीच बांधली. डबा उतरवून नागपूरले नवा करतो."

"पट्टे माझे नरम झाले. चूक माही हाय," चाचा म्हणाले.

तसं नव्हतं. पट्टे बदलले असते, मोटार तरीही चढली नसती, आणि अब्बांचा डबा गेला असता.

"पट्टे बरोबर हायेत," मी म्हटलं. "अब्बाचं चुकलं. भार समोर आला, मांगच्या चाकायले पकड नाही. चार दिवस द्या."

पाटील परत मोटारीत बसले. "चारच," म्हणाले.

घरी आल्यावर चाचांनी करवत घेतली नाही. "मी त्याच्या कामाले हात नाही लावत."

"मंग मी लावते."

सांधे खिळ्यांशिवाय बसवलेले होते आणि सुटत नव्हते. चौकटीच्या मागच्या दोन फासळ्या कापाव्याच लागल्या. पहिली मी कापली. दुसरीला चाचांनी लाकूड धरलं. आसन वीतभर मागे गेलं, पेटी त्याच्याही मागे.

पाचव्या दिवशी मोटार तोच चढ न थांबता चढली. माथ्यावर पाटलांनी ती उभी केली, उतरून एक फेरी मारली आणि दारावर हात ठेवला.

"रंग कोणता देता?"

"अब्बाले विचारून सांगते," माझ्या तोंडून गेलं.

सैफूचाचा दुसरीकडे बघू लागले. मग मीच निळा सांगितला.