इंजिनाशेजारची जागा

जोडवं तापलं होतं. उजव्या पायातलं, चांदीचं, लग्नातलं नव्हे, पुढे कधीतरी भुसावळच्या बाजारात घेतलेलं... एवढीशी वस्तू, पण तिच्याखालची कातडी आता चुरचुरत होती. हेमलताने पाय उचलून डाव्या पायावर ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली घेतला, कारण जळगावहून धुळ्यापर्यंत असं पायावर पाय ठेवून माणूस किती वेळ बसणार. एरंडोल आत्ता कुठे मागे पडलं होतं. दोन्ही सीटांच्या मधे इंजिनाचं झाकण होतं, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखं फुगीर. तिच्या नवऱ्याने, रोहिदासने, त्यावर हौसेने निळं रेक्झिन चढवलं होतं आणि ते चढवताना खालचा, इंजिनाची धग अडवणारा नमद्याचा जाड थर काढून टाकला होता, कारण नमद्यावर रेक्झिन नीट बसेना, सुरकुत्या पडत. सुरकुत्या पडू नयेत म्हणून! झाकणाच्या कडेचं रबर एका जागी आखडलं होतं, आणि त्या फटीतून तापकऱ्याच्या श्वासासारखं काहीतरी सारखं तिच्या घोट्यावर येत होतं.

मागे मात्र गार होतं. मागे पलंग होता, ओटा होता, दोन पंखे आणि एसी होता, आणि पत्र्याच्या आतून थर्माकोल भरून त्यावर लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर रोहिदासने वर्षभर खपून या जुन्या मिनीबसचं घर केलं होतं. कॉलनीतली माणसं बघायला आली तेव्हा तो प्रत्येकाला सांगत होता, "हात लावा, भिंतीला हात लावा. बाहेर ऊन बघा आणि इथे बघा." माणसं हात लावत होती, वा वा म्हणत होती. पुढच्या सीटवर कोणी बसून बघितलं नाही. पुढे बसायचं होतं तिला, वर्षभर.

असोद्यापर्यंतच्या पहिल्या फेरीतच तिने सांगितलं होतं. अहो, पाय भाजतोय. तो म्हणाला होता, होतं सवयीने. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, तुला काय, तुला सगळंच टोचतं. आणि तिसऱ्यांदा तो नुसता हसला होता, लहान मुलाच्या कुरकुरीला हसतात तसा. त्या हसण्याचंच तिला... त्यानंतर तिने रात्री आरशापुढे पाय घेऊन घोटा नीट पाहिला होता. लाल होता की मुळातच तसा होता? आपल्यालाच जास्त होतं का? माणसाने किती वेळा सांगितलं की ते खरं होतं?

"पाणी दे गं," रोहिदास म्हणाला. नजर रस्त्यावर. तिने झाकण उघडून बाटली दिली.

"मी मागे बसू का थोडा वेळ?"

"आणि मला झोप लागली म्हणजे? शेजारी कोणी बोलतं हवं ना." आणि मग तो गुणगुणू लागला.

बोलतं! पहाटे निघायचं ठरलं होतं. नारळ, फोटो, लिंबू-मिरची, पुन्हा फोटो, या सगळ्यात अकरा वाजले, आणि आता दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली कपाशीची रानं उघडी पडली होती, लिंबाची पानंसुद्धा हलायचं विसरली होती, आणि वाऱ्याची झुळूक आलीच तर ती चुलीसमोरून उठून आल्यासारखी. तिने मांडीवरची पर्स चाचपली. आत घराची किल्ली होती. धुळ्याला लेकीकडे, शीतलकडे, जेवायचं, शीतलच्या दिराला, बबलूला, किल्ली द्यायची. त्याची बदली जळगावला झाली होती, उद्या तो बायकापोरांसकट त्यांच्या घरात राहायला जाणार होता. एक वर्ष. आणि ही दोघं या गाडीत, एक वर्ष, मिळेल तिकडे. हे कधी ठरलं? तिला आठवत होतं ते इतकंच, की त्याने विचारलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती आणि म्हणाली होती, बघू. तिच्या घरात बघू म्हणजे हो. माहेरीही असंच होतं, आई बघू म्हणायची आणि वडील कामाला लागायचे.

पारोळ्याला धनसिंग भेटला. रोहिदासचा रेल्वेतला जुना सोबती, आता गावी शेतीवर असलेला, धिप्पाड, गळ्यात गमछा. रस्त्यावरच्या हॉटेलासमोर तो वाट बघत उभाच होता. गाडीभोवती फिरला, मागच्या भिंतींना हात लावून झाला, मग म्हणाला, "वहिनी, सरका. आम्हालेबी बसू द्या महाराणीच्या जागेवर." ती उतरली. तो चढला, बसला, ऐटीत पाय पसरले, कोपर झाकणावर टेकवलं, आणि ओरडून उठला.

"अरे बाप रे! रोहिदास भाऊ, हाई काय शे? गाडी शे का चूल शे?"

"का रे?"

"का रे काय! हात लाव, हात लाव ना आठे. वांगं भाजाई जाई यावर. वहिनी, आठे बसतस तुम्ही? अन् बोलतस नही?"

रोहिदासने झाकणावर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. "हो की," तो म्हणाला. "खरंच तापलंय हे."

खरंच.

ती हॉटेलाच्या छपराखाली उभी होती आणि तिच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं, घोट्यावरचं कातडं लाल होतं, खोटं नव्हतं, मी कुरकुर करत नव्हते... आणि त्याच क्षणी तिला स्वतःच्या त्या सैल होण्याचा असा संताप आला, की हातातला चहाचा कप तिने न पिताच बाकावर ठेवून दिला. बटाटेवड्याच्या कढईतल्या तेलाचा वास येत होता. गॅसचाही वास तिला असाच आला होता, शीतल लहान असताना. दोन दिवस ती म्हणत होती, वास येतोय हो. दोन दिवस तो म्हणत होता, तुझं नाकच तसलं. मग शेजारच्या सुमनबाई वाटीभर साखर मागायला आल्या, उंबऱ्यातच थबकल्या, म्हणाल्या, अगंबाई, गॅस सुटलाय की. आणि रोहिदास धावला होता, खिडक्या उघडल्या, सिलिंडर उचलून अंगणात नेला, संध्याकाळी सगळ्यांना सांगत होता, थोडक्यात वाचलो. तिला वाटलं होतं, वाचलो यातच सगळं आलं. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. आज एका माणसाचं कोपर भाजलं आणि... तिचा अख्खा पाय साक्ष देत होता, त्याला किंमत नव्हती. सुमनबाईंच्या नाकाला होती, धनसिंगच्या कोपराला होती.

दोघं मित्र आता उत्साहाने कामाला लागले होते. हॉटेलवाल्याकडून गोणपाट आलं, पाण्यात बुडवून झाकणावर टाकलं, त्यातून वाफ निघाली तेव्हा दोघं हसले. "अन् गरमीचा काटा चढला ना, तं हीटर सोडी दे," धनसिंग सांगत होता. गाडी पूर्वी हिमाचलात सहलीला जायची, म्हणून तिला हीटर होता. त्याची थट्टा कॉलनीत महिनाभर चालली होती, जळगावात हीटर! "इंजिनची गरमी आत ओढी लेस तो. इंजिन वाची जास."

"आणि आतली माणसं?" हेमलताने विचारलं.

"ती उकडतस!" धनसिंग मोठ्याने हसला. रोहिदासही.

निघण्याआधी तिने सीटवर बसून, वाकून, जोडवं काढलं. बोट सुजल्यामुळे ते निघेना, पिळून काढावं लागलं. खाली पांढरट गोल वळ होता. तिला वाटलं होतं, काढताना काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. तिने ते पर्सच्या कप्प्यात टाकलं आणि तिथली किल्ली काढून मुठीत घेतली, का ते तिला सांगता आलं नसतं.

गोणपाट मुकटीपर्यंतसुद्धा ओलं राहिलं नाही. फागण्याच्या अलीकडे रस्त्याचं काम होतं, ट्रकांची रांग लागली होती, आणि उभ्या गाडीत डांबराचा, डिझेलचा, करपट पोत्याचा वास एकत्र होऊन घशात बसला. रोहिदास गुणगुणायचा थांबला. तो काट्याकडे बघत होता. काटा लाल पट्ट्याच्या कडेला टेकला होता.

"एसी बंद करतो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "हीटर लावावा लागेल गं. पाचदहा मिनिटं. नाहीतर इंजिन जाईल."

तो लावू का असं विचारत नव्हता, सांगत होता. पण बोटं बटणावर ठेवून तो थांबला होता खरा, आणि तिला कळलं की तो तिचं नेहमीचं बघू ऐकायला थांबला आहे.

"लावा," ती म्हणाली. "मी मागे बसते."

"अगं पण..."

"तुम्हाला झोप नाही लागायची."

दोन सीटांच्या मागच्या अरुंद वाटेतून ती मागे गेली, एका हाताने फळी धरून, आणि पलंगाच्या कडेवर बसली. एसी बंद झाला होता तरी गारवा होता. त्याने भरलेला थर्माकोल खरोखरच चांगला होता. हे मान्य करायला तिला जड गेलं नाही आणि त्यामुळे राग कमीही झाला नाही. पुढे हीटरचा पंखा घरघरला. तिला त्याची मान दिसत होती, कॉलरच्या वरची, पिकलेल्या केसांची, आणि बघता बघता त्या मानेवर घाम धरला, थेंब झाले, थेंब कॉलरमध्ये उतरले. रांग दोन ट्रक पुढे सरकली, पुन्हा थांबली. त्याने डावा पाय उचलला, दुसऱ्या जागी ठेवला, पुन्हा उचलला. ती ते पाय उचलणं ओळखत होती.

"हेमा," तो शेवटी म्हणाला, मागे न वळता, आवाज जरा लहान. "पाय भाजतोय गं."

तिच्या जिभेवर होतं. होतं सवयीने. एकदाच ऐकलेलं, पण पाठ झालेलं, आता नुसतं सोडायचं होतं, आणि ते सोडण्यात किती गोडी असेल हे तिला तोंडात जाणवत होतं. पण त्याच्या आधीच दुसरं काहीतरी घडून गेलं होतं. त्याने म्हटलं आणि तिला ते खरं वाटलं होतं. लगेच. हात लावून बघावं लागलं नव्हतं, कोणाच्या कोपराची वाट बघावी लागली नव्हती. त्याचा पाय भाजत होता, बस्स, जितकं बाहेर ऊन होतं तितकंच ते खरं होतं. हे इतकं सोपं होतं? इतकी वर्षं त्याला करायचं होतं ते इतकंच होतं?

राग होता, पण तो आता घोट्यापाशी चुरचुरत नव्हता. तो वर आला होता, स्थिर झाला होता, त्याचा तिला आधार वाटत होता.

"हो," ती म्हणाली. "भाजतोच तिथे."

बाटली तिच्या हाताशी होती. ती उठली नाही. उठणारही होती कदाचित, थोड्या वेळाने. रांग हलली. मूठ उघडून तिने किल्ली पाहिली, मघाशी गरम होती, आता थंड झाली होती, आणि तिने मूठ पुन्हा मिटली. धुळ्याला बबलू किल्लीसाठी हात पुढे करील. तेव्हा आपण काय म्हणू, ते तिला ठाऊक नव्हतं. बघू म्हणणार नव्हती, एवढंच.