लाल काचेतून ताई

मित्रांनो, मी एक जुना कृष्णधवल फिल्मचा रोल आहे. प्रकाशाचं सत्य जसंच्या तसं जपण्यासाठी माझा जन्म झाला, असं माझ्या डबीवर छापलेलं आहे. त्याच्या खाली मुदतीची तारीख आहे. ती कधीच उलटून गेली होती आणि प्रकाशाचं सत्य फ्रिजच्या दारात अर्ध्या कापलेल्या लिंबाशेजारी पडून होतं.

माझी जडणघडण ऐकण्यासारखी नाही. जनावरांची हाडं उकळून काढलेला चिकट रस, त्यात चांदीचे क्षार, आणि हा सगळा लगदा प्लॅस्टिकच्या पट्टीवर फासलेला. हे काम मिट्ट काळोखात करतात. उजेडात कुणी केलंही नसतं.

माझा मालक दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांच्या दाढा पाहिल्यावर पन्नाशीत त्याला एकदम निसर्ग दिसू लागला. "रंग म्हणजे नुसता गोंगाट," तो बायकोला सांगे. ती वाटाणे सोलता सोलता "हं" म्हणे. मग एका रविवारी, कृष्णधवलमध्ये डोंगर कसे येतात ते बघू म्हणून, त्यानं मला कॅमेऱ्यात भरलं. बायको आणि थोरली बहीण यांना गाडीत घातलं आणि तळ्याकाठी नेलं.

शटर उघडतं तेवढा एक क्षण मला दिसतं, बाकीचं मी ऐकतो. दिसलं ते सांगतो : खडक, झाड, परत तोच खडक. आकाश काळंभोर आणि नाट्यमय यावं म्हणून त्यानं भिंगावर लाल काच चढवली होती. शिवाय माणूस चौकटीत आला की मालकाचा जीव जाई. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन काठानं चालला होता, तर हा पठ्ठ्या तोंडानं "च्, च्" करत तो चौकटीबाहेर जायची वाट बघत बसला.

ताई मोठ्या आजारातून उठली होती. केस आत्ता कुठे बोटभर वाढलेले. त्या दिवशी तिनं नवा लाल कोट घातला होता, ओठांना लाली लावली होती.

"छोट्या, माझा एक काढ ना. पोरीला पाठवायचाय."

"ताई, हा रोल निसर्गासाठी आहे. फोनवर काढ की."

"फोनचा ती मानत नाही. म्हणते, फोन गाल गुलाबी करतो, मला फसवू नकोस. परीक्षा सोडून परत यायचं म्हणतेय ती. मी बरी आहे, एवढं दिसलं म्हणजे झालं."

"अहो, काढा की एक," त्याची बायको म्हणाली. "खडक कुठे पळून जात नाही."

त्यानं उसासा टाकला. "उभी राहा. हलू नकोस. ढग छान आलेत."

"ती काच काढायची का रे?"

"काच काढली तर आकाश जाईल!"

आकाश राहिलं. ताई गेली. मित्रांनो, लाल काचेतून काढलेल्या कृष्णधवल फोटोत लाल रंग पांढरा येतो. ओठ पुसले गेले, गाल खडूसारखे झाले, आणि नव्या कोटाचा झाला दवाखान्यातला झगा. मागे काळंकुट्ट आभाळ. मी ते मुकाट्यानं पोटात घेतलं. मला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी थोरवी.

पुढे न्हाणीघरात, कपड्यांच्या बादलीशेजारी, उग्र वासाच्या पाण्यात मला घुसळलं. मालकानं फोटो तयार केला, स्वतःवरच खूश झाला आणि ताईला न दाखवता थेट भाचीला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझी आई. खरी, रंग न लावलेली.' मित्रमंडळींनाही पाठवला. "काय छटा आहेत! काय कारुण्य आहे!" अशी उत्तरं आली. हा गालातल्या गालात हसत चहा प्यायला.

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. भाचीचा फोन थेट ताईला आला.

"आई, फोटोत तू दवाखान्याच्या झग्यात आहेस. मी निघतेय."

"अगं वेडे, कोट लाल आहे! मामानं लाल काच लावली होती म्हणून..."

"आई, काच काय, कोट काय! काहीही सांगू नकोस मला."

ती आली तेव्हा ताई तोच लाल कोट घालून स्टुलावर उभी राहून पडदे लावत होती. पोरगी बॅगेसकट दारातच उभी राहिली. "उतर आधी खाली," म्हणाली आणि रडायला लागली.

"बघ, मी नव्हतं सांगितलं?" ताई म्हणाली आणि उतरायच्या आधी उरलेली कडी अडकवून टाकली.

भाची परीक्षा बुडवून आल्याचं मालकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "पण ढग मात्र आलेत, नाही?" बायकोनं त्याच्याकडे जे पाहिलं, त्याला काळ्या-पांढऱ्यात छटा नाही.

मित्रांनो, मला जपा, धुळीपासून वाचवा, असं मी म्हणायला हवं. मला तशी इच्छा नाही. समोर माणूस उभं असलं, तर काच काढा. आकाश उद्याही असतं.

भाचीची परीक्षा आता पुढच्या वर्षी आहे.